आउटबोर्ड दुरुस्ती, अवघ्या एकसष्ट दिवसांत

ज्यांच्या पडवीत जुनं आउटबोर्ड मशीन उभं आहे, त्यावर गोणपाट आहे, गोणपाटावर मांजर झोपतं आणि "यंदा चालू करूया" असं जे दर आगोटीला म्हणतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांना मशीन दुरुस्त करता येतं त्यांनी वाचू नये. ते हसतात, आणि ते हसले की आम्हाला राग येतो.

दुरुस्तीचा मुहूर्त १ जून. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, जाळी माळ्यावर गेलेली असतात आणि देवबागपासून मालवणपर्यंत जो तो रिकामा असतो. अपवाद एकाच माणसाचा, मशीनच्या मेस्त्रींचा. गावातली झाडून सगळी मशीनं याच दोन महिन्यांत त्यांच्या अंगणात येऊन पडतात. तुमचा नंबर गणपतीनंतर लागेल असं ते सांगतात. मग आपल्या मनात एक विचार येतो की, त्यात काय एवढं, थ्रॉटल आणि चोक तर आहे, आपलं आपणच करू.

हा विचार आला की दुरुस्तीला सुरुवात झाली असं समजावं.

थोडा इतिहास, कारण काम टाळायला तो बरा पडतो

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं मशीन. इंजिन वर, पंखा खाली पाण्यात, आणि मधे दांडा धरून बसलेले आपण. १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी गावात ओले एव्हिनरूड नावाच्या, मूळच्या नॉर्वेच्या कारागिराने असं दीड हॉर्सपॉवरचं मशीन विकायला काढलं. त्याच्या आधीही काहींनी खटपट केली होती, पण धंदा उभा राहिला तो याचा. कथा अशी सांगतात की, तळ्याकाठी सहलीला गेले असताना बेस नावाच्या त्याच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परत आला, तोवर त्याचं दूध झालं होतं. पुढे बेसबाईंशी त्याचं लग्न झालं, आणि मशीनचा हिशेब, पत्रव्यवहार, जाहिरात सगळं त्यांनीच सांभाळलं. वल्ही मारू नका, फेकून द्या, अशा अर्थाची जाहिरातही त्यांचीच.

ही हकीकत मी आमच्या घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. "त्याने बायकोसाठी मशीन केलं," घरातून उत्तर आलं, "तुम्ही मशीनसाठी बायकोचं इडलीपात्र नेलंय." इडलीपात्राकडे आपण येणारच आहोत. तूर्त एवढंच लक्षात ठेवा की शोध लावणाऱ्याचं नाव ओले होतं आणि तुमचा स्पार्क प्लगही तसाच असणार आहे.

चोक कुठला, थ्रॉटल कुठला

कार्ब्युरेटर म्हणजे ॲल्युमिनियमची एक आखूड नळी, जिच्यातून हवा आत जाते आणि जाता जाता पेट्रोल ओढून घेते. नळी मधे अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर येतं. या नळीत दोन गोल पाती असतात. तोंडाशी असतं ते चोकचं, इंजिनच्या बाजूला असतं ते थ्रॉटलचं. दांड्याची मूठ फिरवली की थ्रॉटलचं पातं उघडतं आणि मशीन जोरात चालतं. समोरचं बटण बाहेर ओढलं की चोकचं पातं मिटतं, हवा अडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. थंड मशीनमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. मशीन गरम झालं की बटण आत ढकलायचं.

ज्यांनी जुन्या स्कूटरी तिरक्या करून, कानाशी नेऊन, खुळखुळ ऐकून चालू केल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मात्र स्कूटर बंद पडली तर माणूस रस्त्यावर उभा असतो. इथे खाली पाणी असतं, आणि ओहोटी लागलेली असते.

साहित्य

स्क्रूड्रायव्हर. इथे पहिली ठेच लागते. जपानी मशीनच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू दिसतात आपल्या चौफुलीच्या स्क्रूसारखेच, पण त्यांची खाच जपानी मापाची असते. पुष्कळदा डोक्यावर एक बारीकसा ठिपका असतो, ती त्याची खूण. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर सरकतो, आणि दोन-तीनदा सरकला की खाचेची वाटी होते. अशा वाट्या माझ्या मशीनवर चार आहेत. त्यांच्याकडे बघून मेस्त्री मला मशीनचं वय न सांगता माझं वय सांगतात.

गंज सोडवणारं तेल. खारं पाणी, ॲल्युमिनियमचं अंग आणि पोलादी बोल्ट हे तिघे दहा वर्षं एकत्र राहिले की वेगळे व्हायला तयार नसतात. रात्री तेल मारून ठेवावं, सकाळी पुन्हा मारावं, हलक्या हाताने ठोकावं, मग पाना लावावा. खोबरेल तेल चालत नाही. मी घालून पाहिलं. मुंग्या आल्या.

जुना टूथब्रश. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार, जेटचं छिद्र साफ करायला. इथे शिवणाची सुई किंवा सेफ्टी पिन वापरू नये. जेट पितळेचा असतो, पोलादी टोकाने त्याचं छिद्र ओरखडतं, रुंदावतं, आणि मग मशीन जन्मभर जास्त पेट्रोल पितं. पिणाऱ्याला सुधारणं किती अवघड असतं हे ज्याचं त्याला ठाऊक.

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा निळा ड्रम, पाण्याने भरलेला. दुरुस्तीनंतर मशीन चालवून बघायचं ते यात. कोरडं मशीन गंमत म्हणून दोन मिनिटंही चालवू नये. खाली पाणी खेचणारा पंप असतो, त्यात रबराची चकती असते आणि पाणी नसेल तर ती जळते.

आणि इडलीपात्र. हा माझा शोध आहे. ओलेचा नसेल एवढा अभिमान मला याचा आहे. चार मजल्यांचं इडलीपात्र घ्यावं. जो स्क्रू पहिल्यांदा निघेल तो खालच्या मजल्यावरच्या पहिल्या वाटीत, त्यानंतरचा दुसऱ्या वाटीत, असं चढत जावं. जोडताना वरून खाली उतरत यावं. चुकायला जागाच नाही. गैरसोय एकच, की रविवारी ते परत मागितलं जातं. दुसरी गैरसोय नंतर लक्षात आली. पेट्रोलचा वास तीन वेळा चिंचेने घासूनही गेला नाही, आणि त्या रविवारच्या इडल्या आमच्या घरात अजून निघतात, म्हणजे बोलण्यात.

हे सगळं उघड्या पडवीत करावं. आमच्याकडे पडवीला लागूनच तुळशीवृंदावन आहे आणि संध्याकाळी दिवा लागतो. पहिल्या दिवशी मी पेट्रोलची वाटी उघडी टाकून आत चहा प्यायला गेलो होतो. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. आईने दिवा हातात घेऊन पडवीची पायरी उतरायला आणि मी ओरडायला एकच गाठ पडली. तेव्हापासून तिन्हीसांजेला काम बंद.

पायरी पहिली: काहीही उघडू नका

ही पायरी सगळ्यात अवघड. मी ती तीन आठवड्यांनी केली.

माझी तक्रार अशी होती की, मशीन चालू होतं, दोन-तीन मिनिटं छान चालतं, मग धापा टाकतं आणि मरतं. कोणीही म्हणेल कार्ब्युरेटर चोंदला. मीही म्हणालो. काढला, साफ केला, लावला. पुन्हा तेच. पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी वाटीचा गॅस्केट फाटला, तो आणायला कुडाळला जाऊन आलो. तरीही दोन-तीन मिनिटं, धाप, आणि शांतता.

शेवटी मेस्त्रींना हात जोडले. ते जेटीवरून घरी जाता जाता आले, उंबऱ्याशीच उभे राहिले, मशीनकडे बघितलंसुद्धा नाही.

"टाकीचो वारो सोडलंस काय?"

"वारा?"

ते वाकले, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा एवढासा स्क्रू त्यांनी दोन बोटांनी अर्धा वेढा सैल केला. फिस्स असा आवाज झाला. टाकीतून मशीनकडे जाणाऱ्या नळीवर रबरी फुगा असतो, तो खपाटीला गेला होता. तो एकदम टुम्म झाला. झालं. टाकीतलं पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून हा स्क्रू आवळतात, आणि आवळला की आवळलाच राहतो.

मेस्त्री चहा प्यायले. कपबशी खाली ठेवताना म्हणाले, "मशीन बरा असा. तुका धीर नाय." आणि निघून गेले. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता मी कोणालाही सांगतो की पाना हातात घेण्याआधी एवढं बघा. टाकीचा वारा सोडलाय का. फुग्यावरचा बाण मशीनच्या दिशेने आहे का. माझ्या एका मेहुण्याने तो उलटा लावून अर्धा दिवस फुगा दाबला होता, त्याच्या हाताला अजून बाम लागतो. फुगा दाबून घट्ट केला का. लाल दोरीची चकती बटणाखाली बसली आहे का. ही दोरी मनगटाला किंवा कमरेला अडकवायची, माणूस पाण्यात पडला तर चकती निघते आणि मशीन बंद होतं. चकती खिशात असेल तर मशीन चालूच होत नाही. गिअर मधे आहे का. गिअर लागलेला असेल तर बहुतेक मशीनांत ओढायची दोरीच अडकते, आणि नवशिका तिला लोंबकळतो.

एवढं बघून झालं तर दहापैकी आठ दुरुस्त्या इथेच संपतात. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अपमानांची बेरीज आहे.

थ्रॉटल

माझ्याकडे मात्र उरलेल्या दोनपैकी एक होती. मूठ फिरत नव्हती.

मूठ फिरत नसेल तर आधी दांड्याच्या खालच्या बाजूला एक स्क्रू किंवा गुंडी असते ती बघावी. लांबच्या पल्ल्यात मूठ धरून मनगट दुखू नये म्हणून ती आवळायची असते, म्हणजे मूठ ठेवली तिथे राहते. कोणीतरी ती आवळून ठेवली असेल तर पाइप पान्याने मुठीशी कुस्ती करण्यात अर्थ नाही. मी ती कुस्ती केली नाही. फक्त वीस मिनिटं केली.

ती सैल केल्यावरही मूठ जड होती, तेव्हा दोष केबलींत आहे हे ठरलं. दांड्याच्या पोटातून दोन केबली जातात. एक ओढली की थ्रॉटल उघडतो, दुसरी ओढली की मिटतो. दोन का, तर नुसत्या स्प्रिंगवर भरवसा ठेवला आणि स्प्रिंग तुटली तर मशीन भरधाव राहील म्हणून. हे "दोन" लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

केबल बाहेर काढली आणि उजेडात धरली. बाहेरचं काळं आवरण एका ठिकाणी तडकलेलं, तड्यातून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने तारेवर हिरवट-तांबूस पीठ धरलेलं, आणि वळणाशी एक तंतू तुटून, झुरळाच्या मिशीसारखा बाहेर आलेला. मूठ फिरवली की हीच मिशी आवरणात अडकायची. अशी तार कापून, पिळून, वंगण लावून पुन्हा घालायचा मोह होतो. घालू नये. उरलेले तंतू खाडीत भरतीच्या वेळी तुटतात. नवी केबल घ्यावी, तिच्या टोकाशी कागदाचं छोटं नरसाळं बांधावं, त्यात तेल ओतून ती उभी टांगावी आणि दुसऱ्या टोकातून तेल ठिबकेपर्यंत झोपावं. पावसाळी दुपारी हे काम मला उत्तम जमलं.

केबलीचा खरा मामला तिच्या पलीकडे आहे. लहान टू-स्ट्रोक मशीनांत मूठ फिरवल्यावर केबल थेट कार्ब्युरेटरला जात नाही. ती आधी चाकाखालची मॅग्नेटोची तबकडी फिरवते. त्याने ठिणगी लवकर पडायला लागते. त्याच तबकडीला जोडलेली एक वाकडी पट्टी पुढे सरकून कार्ब्युरेटरच्या अंगावरच्या छोट्या रोलरला ढकलते, तेव्हा कुठे पातं उघडतं. म्हणजे आधी ठिणगी, मग पेट्रोल. दोघांचं जमलं नाही की मूठ फिरवताच मशीन "घूं" करून दम धरतं आणि मग उडी मारतं. मूठ पूर्ण फिरवल्यावर पातं नळीला अगदी समांतर, म्हणजे धारेवर उभं दिसलं पाहिजे. पूर्ण मिटवल्यावर ते आपल्या अडणीच्या स्क्रूवर टेकलं पाहिजे. हे नुसतं वाचून कळत नाही. मेस्त्रींच्या अंगणात जाऊन, "सहज आलो होतो" असं म्हणून, दुसऱ्याचं मशीन उघडं असताना बघावं लागतं. मी सहज सहा वेळा गेलो.

मंद गतीवर मशीन कसं बोलतं ते ठरवणारा एक हवेचा स्क्रू कार्ब्युरेटरच्या बाजूला असतो. तो काढण्याआधी अगदी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवायचा आणि किती वेढे बसले ते मोजून लिहून ठेवायचं. जोडताना पुन्हा टेकवून तितकेच वेढे बाहेर. आवळायचा नाही, आवळला तर त्याचं सुईसारखं टोक खाचतं आणि मग त्याला कधीच काही समजत नाही.

मी मोजले. दीड वेढा बसला. हात काळे होते, कागद जवळ नव्हता, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात "१॥" असं लिहून टाकलं. हे कॅलेंडर आमच्या घरी दुधाच्या हिशेबाचं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. महिनाअखेरीला गवळ्याला त्या दिवसाचे दीड लिटरचे पैसे गेले. तो प्रामाणिक माणूस, तो म्हणाला त्या दिवशी मी आलोच नव्हतो, पाऊस होता. घरात त्यावर दोन दिवस चौकशी चालली. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर इडलीपात्र पुन्हा निघालं असतं.

वाटी, आणि पेट्रोलचं दही

कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलचा साठा असतो. त्यात तरंगणारा एक फ्लोट असतो. पातळी वाढली की तो वर येऊन सुईने वाट बंद करतो. संडासच्या टाकीतल्या चेंडूसारखंच. आठ महिने उभ्या राहिलेल्या मशीनची वाटी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्या तळाला मधाच्या रंगाचं, चिकट, बोटाचं टोक लावलं तर तार धरणारं काहीतरी होतं. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. पेट्रोल उडून गेलं की मागे हे राहतं आणि जेटच्या छिद्रात जाऊन बसतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या जुलैत हवेत दुसरं असतं काय? पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला वेगळं बसतं. जुन्या मशीनच्या रबरालाही ते मानवत नाही.

यावर उपाय सोपा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. हंगामाच्या शेवटी मशीन बंद करताना बटण दाबू नये. पेट्रोलची नळी काढून टाकावी आणि वाटीतलं संपून मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्यावं. मग वाटीच्या तळाचा स्क्रू काढून उरलंसुरलं गाळावं. तोवर मशीन पाण्यात हवं, गोड्या पाण्यात असेल तर आतलं मीठही धुऊन निघतं.

तेलाचं प्रमाण आमच्या मशीनला पन्नासास एक. म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक तेल, तेही पाण्यातल्या मशीनसाठीचं. आपापल्या मशीनचं आपापल्या पुस्तकात बघावं. मेस्त्री खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं दहा मिलीचं टोपण वापरतात. लिटरला दोन टोपणं. मीही तेच वापरतो, फक्त ते टोपण पुन्हा औषधाच्या बाटलीवर लावत नाही. याला कारण घडलं होतं.

चोक

आता चोक. यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो दुरुस्त मी केला नाही.

बटण ओढलं की हातात आलं. बटणामागे एक सळई, सळईच्या टोकाला प्लास्टिकची एवढीशी टोपी आणि ती चोकच्या पात्याच्या दांडीला अडकलेली. उन्हाने आणि पेट्रोलने टोपी ठिसूळ होऊन फुटली होती. त्यामुळे बटण ओढलं तरी पातं अर्धंच मिटायचं, आणि ढकललं तरी अर्धंच उघडायचं. अर्धा चोक म्हणजे पाहुणा दारात उभा. आतही येत नाही, जातही नाही. थंड मशीन चालू होत नाही, गरम झालेलं काळा धूर ओकतं, प्लग काढून बघावा तर काळा आणि भिजलेला.

प्लग भिजला, म्हणजे मशीन पेट्रोलने तुंबलं, की नवशिके आणखी चोक ओढतात. उलट करायचं. चोक आत, मूठ पूर्ण उघडी, गिअर मधे, आणि दोरी दहा-बारा वेळा. हवा आत गेली की जास्तीचं पेट्रोल निघून जातं. प्लग काढून पुसून वाळवला तर आणखी बरं. वाळवायला तो गॅसच्या शेगडीवर धरू नये. हा सल्ला मला देण्यात आला होता.

ती टोपी मिळेना. मालवणात नाही, सावंतवाडीत नाही, रत्नागिरीच्या दुकानदाराने फोनवर मशीनचं वर्ष विचारलं आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही. तीन आठवडे गेले. मग मेस्त्रींनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेतला, पात्याच्या दांडीला गाठ मारली, दोरा झाकणाच्या भोकातून बाहेर काढला आणि त्याच्या टोकाला रबरी स्लिपरचा गोल कापलेला निळा तुकडा बांधला. पातं परत उघडायला आतून एक स्प्रिंग अडकवली. पाच मिनिटं लागली. चोक ओढायचा म्हणजे आता स्लिपर ओढायची. सोडली की आपोआप आत. मी विचारलं, दोरा तुटला तर? त्यांनी हाताचा पंजा कार्ब्युरेटरच्या तोंडावर पालथा धरून दाखवला. दोरी ओढायची, पंजा किंचित ढिला करायचा. मशीन चालू झालं. त्यांच्या वडिलांचा चोक हाच होता म्हणे.

पंजाला पेट्रोलचा वास दोन दिवस राहतो. स्लिपर बरी.

ड्रममधली परीक्षा

ड्रमवर फळी टाकून तिला मशीन टांगावं. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर हवं. चालू झाल्यावर मागच्या अंगाने पाण्याची बारीक धार सुटली पाहिजे, तीच पंप चालू असल्याची खूण. "मुतता काय बघ," असं मेस्त्री लांबूनच ओरडतात, आणि आमच्या वाडीत या वाक्याला आता कोणी मान वर करत नाही. धार नसेल तर लगेच बंद.

मूठ मुठीवरच्या "चालू" करायच्या खुणेवर ठेवायची, स्लिपर ओढायची आणि दोरी. ओढताना मागे कोणी उभं नाही ना ते बघावं. आमच्याकडे मांजर होतं. ते गेलं ते गोणपाट मिळूनही परत आलं नाही.

तिसऱ्या ओढीला मशीन चालू झालं. निळा धूर, मग पांढुरका, मग धार. आईने आतून हात जोडले. मेस्त्रींनी ताकीद दिली होती, "ड्रमात मूठ फिरवू नको हां." ड्रममध्ये पंख्याला पुरेसा भार नसतो, मशीन उगीच वेग घेतं. मी आज्ञाधारक. मूठ जिथे होती तिथेच ठेवली, दहा मिनिटांनी बटण दाबलं आणि एकसष्ट दिवसांचं काम पूर्ण झालं असं जाहीर केलं. प्रत्यक्षात सदुसष्टावा दिवस होता.

पाण्यात

नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर नारळ लढवायला गर्दी जमलेली, आणि इकडे खाडीत आम्ही आमच्या होडीपुरता एक नारळ घेऊन. पहिल्या ओढीला चालू. गिअर टाकला, होडी काठ सोडून निघाली. समोर शेजाऱ्यांच्या दोन होड्या नांगरलेल्या, म्हणून मी शहाण्यासारखी मूठ "हळू"कडे फिरवली.

मशीन किंचाळलं. होडीने नाक वर केलं. मी आणखी हळू केलं, ती आणखी जोरात. नारळ मागे घरंगळत आला आणि माझ्या पायावर बसला. दोन केबली, एक उघडणारी, एक मिटणारी, मी उलटसुलट लावल्या होत्या. इडलीपात्रात दोघींच्या नट-बोल्टांना वेगवेगळ्या वाट्या होत्या, केबलींना नव्हत्या. लाल दोरी ओढली तेव्हा शेजाऱ्याची होडी दोन हातांवर होती. काठावर ज्यांना मशीन दुरुस्त करता येतं असे सगळे उभे होते.

वल्हं मी नेलं होतं. बेसबाईंची माफी मागून सांगतो, ते फेकू नये.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडा खोलायचा धीर नव्हता. मी बायकोचं लाल नेलपेंट घेतलं आणि मुठीवर, जिथे कंपनीने "जोरात" लिहिलं होतं तिथे "हळू" आणि "हळू" होतं तिथे "जोरात" असं ठळक लिहिलं. वाळल्यावर वाचून बघितलं. बिनतोड. मशीन बदलण्यापेक्षा अक्षरं बदलणं स्वस्त. संध्याकाळी मेस्त्री आले, मी घरी नव्हतो. त्यांनी मूठ वाचली नाही, केबलींकडे बघितलं, दोन नट सोडले, अदलाबदल केली, आवळले, चहा प्यायले आणि गेले.

आता मूठ बरोबर आहे आणि अक्षरं उलटी. नेलपेंट पेट्रोलने जात नाही, घासून बघितलं. ते काढायचं जे द्रव असतं त्याची बाटली घरात आहे, पण ती मागण्याआधी नवं इडलीपात्र आणायला मला बाजारात जाऊन यायचं आहे.